टाच दुमडलेला डावा बूट

मित्रांनो, मी कॅनव्हासच्या एका जुन्या जोडीतला डावा बूट आहे. विश्रांतवाडीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, तुळशीच्या आणि कोरफडीच्या कुंड्यांमागे एका कापडी पिशवीत मी राहतो. उजवा माझ्याशेजारीच असतो. आम्ही एकाच दिवशी घडलो, एकाच खोक्यातून आलो आणि सारखंच चाललो. पण त्याच्या मनावर कसलंच ओझं नाही, माझ्या मनावर आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा माणसांनी त्यांना कसं वागवलं ते सांगतात. मला मी एका माणसाला कसं वागवलं ते सांगायचं आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. जाड पांढरं कापड कापायचं, शिवायचं, साच्यावर ताणायचं आणि खाली रबराचा तळ चिकटवायचा, एवढंच आमचं घडणं. तळ पाटासारखा सपाट. पावलाच्या कमानीला आधार नाही, टाचेखाली मऊ गादी नाही. आम्ही छान दिसावं, एवढीच आमच्याकडून अपेक्षा होती आणि ती आम्ही पुरी करत होतो. माझ्या टाचेमागची उभी पट्टी शिवताना मध्येच दोरा तुटला. शिवणाऱ्या बाईंनी तो पुन्हा ओवला आणि त्याच जागेवरून दुसऱ्यांदा टाके घातले. आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ राहिली. माल तपासणाऱ्याने माझ्यावरून बाहेरून हात फिरवला आणि मला खोक्यात ठेवलं. आत हात घालून कोणी पाहिलं नाही. उजव्याला अशी गाठ नाही.

पुण्यात मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका दुकानात आलो. तिथे भिंतीवर पाटी होती, ‘सेलमधला माल बदलून मिळणार नाही. कारण विचारू नये.’ त्या पाटीखालून निकिताने आम्हाला उचललं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या वर्गात निम्म्या पायांत असेच सपाट पांढरे बूट होते. तिने आम्हाला दुकानातच चढवलं, जुन्या चपला खोक्यात भरल्या आणि चालू लागली. त्या दिवशी आमचे किती फोटो निघाले असतील, सांगता येत नाही. कॉलेजच्या पायऱ्यांवर पाय पुढे करून बसायचं आणि चेहऱ्याआधी आम्ही दिसलो पाहिजेत, अशी ती पद्धत. मला फार अभिमान वाटला होता.

तिचा मित्र केयूर नवे बूट घ्यायच्या विचारात होता. त्याने विचारलं, ‘‘भारी दिसतायत. पण कम्फर्टेबल आहेत का?’’

‘‘एकदम,’’ निकिता म्हणाली. ‘‘ढगावर चालल्यासारखं वाटतं.’’

त्या वेळी माझी गाठ तिच्या टाचेत रुतत होती आणि तिची करंगळी एका बाजूला दाबली गेली होती. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या थांब्यावर बसमधून उतरताच तिने आम्हाला काढून हातात घेतलं आणि तीन जिने अनवाणी चढली. दुसऱ्या दिवशी टाचेला चिकटपट्टी, तिसऱ्या दिवशी दोन. नवे आहेत, वापरून सैल होतील, असं ती सगळ्यांना सांगत राहिली. आठवड्याभरात आम्ही दाराजवळच्या कपाटात गेलो. चूक कबूल करण्यापेक्षा चूक कपाटात ठेवणं माणसांना सोपं जातं. बुटांनाही तेच सोपं वाटतं, हे मला पुढे कळलं.

त्या घरात निकिताची आजी होती, हिराबाई. वय एकाहत्तर. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी त्या फिरायला जायच्या, येताना दूध आणायच्या, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायच्या. मुलगा आनंद आणि सून श्रद्धा दोघंही नोकरीला जात. हिराबाईंना साखरेचा विकार होता. गोळ्या त्या वेळेवर घेत आणि त्याबद्दल कोणी बोललेलं त्यांना आवडत नसे.

मार्च महिन्यात एका सकाळी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या दारातच उभ्या राहिल्या. निकिताने कपाट उघडलं आणि आम्हाला बाहेर काढलं.

‘‘आजी, हे घालून जा. मला जरा घट्ट होतात.’’

हिराबाईंनी आम्हाला हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्यांनी निकिताला जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. लहानपणी खडकीत त्यांच्या शाळेत कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते. ज्यांच्याकडे नसत त्यांनी रांगेत यायचं नाही, बाजूला झाडाखाली उभं राहायचं. हिरा नावाची मुलगी चार वर्षं त्या झाडाखाली उभी राहिली. कवायतीचे सगळे आकडे तिला पाठ होते. दर शनिवारी रांगेतल्या मुली आपापल्या बुटांना पांढरं पॉलिश लावत, ते वाळेपर्यंत भिंतीला टेकवून ठेवत, आणि तो ओला वास तिला फार आवडायचा. पुढे नोकरी लागली तेव्हा बूट घेता आले असते. पण साडीवर बूट घालायचे दिवस नव्हते, म्हणून राहून गेलं.

त्यांनी आम्हाला पायांत घातलं आणि पॅसेजमधून दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

‘‘बघ, काही लागत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पायात बूट आहेत असं वाटतच नाही.’’

मित्रांनो, निकिता त्या वाक्यावर हसली आणि तिच्या मनावरचं दडपण उतरलं. मीही खूश झालो. एकोणीस वर्षांच्या पायाला जे आठवडाभर सोसलं नाही, ते एकाहत्तर वर्षांच्या पायाला जराही का लागू नये, हा प्रश्न तिला पडला नाही. मला पडायला हवा होता, कारण दोन्ही पाय आतून मी पाहिले होते. निकिताचं पाऊल गाठीला लागलं की आक्रसायचं, बोटं दुमडायची, जागा बदलायची. हिराबाईंचं पाऊल गाठीवर निवांत टेकलेलं असायचं. मी त्याला विश्वास समजलो.

आमचे चांगले दिवस सुरू झाले. सकाळी सहाला आम्ही बाहेर पडायचो. शेजारच्या इमारतीतल्या दुर्गाबाई कोपऱ्यावर येऊन मिळायच्या. त्यांच्या मुलाने त्यांना चांगल्या जाड तळाचे, फुगीर, जांभळ्या रंगाचे बूट आणून दिले होते. त्या रंगाचा त्यांना राग होता आणि बुटांचा अभिमान. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘हिराताई, ह्याला तळ म्हणायचा की पापड?’’

‘‘असू दे. मला काही लागत नाही.’’

‘‘नशीबवान आहात. मला ह्या वयात पायमोजासुद्धा लागतो.’’

हा वाद मग रोजचा झाला. सपाट बूट बरे की गादीचे, ह्यावर त्या दोघी दूध केंद्रापर्यंत बोलत जायच्या. दुर्गाबाईंना गुडघा, कंबर, पोटरी सगळं जाणवायचं आणि त्या सगळ्याची तक्रार त्या तपशिलात करायच्या. हिराबाईंची एकही तक्रार नसायची. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, वादात आमचीच सरशी आहे. मलाही तसंच वाटत होतं.

आठ-दहा दिवसांनी हिराबाईंनी माझी टाच मोडली. म्हणजे मागची बाजू आत दुमडून ती पायाखाली दाबली आणि मला चपलेसारखं वापरायला सुरुवात केली. त्यात त्यांची काही मोठी चूक नव्हती. आपल्याकडे प्रत्येक उंबऱ्यावर पादत्राण काढावं लागतं. घरात शिरताना काढा, विहाराच्या पायरीशी काढा, दुर्गाबाईंकडे चहाला गेलं की त्यांच्या दाराशी काढा. दिवसातून दहा वेळा वाकून लेस कोण सोडणार? लेसची गाठ एकदा मारली ती मारली. पाय सरकवायचा आणि निघायचं. दुर्गाबाई म्हणाल्या, बुटाची टाच मोडू नये, बूट बिघडतो. बूट बिघडेल एवढंच सगळ्यांच्या मनात आलं.

उजवाही तसाच दुमडला गेला होता. पण माझी दुमडलेली कड जाड होती, कारण तिच्या मधोमध ती गाठ होती. पूर्वी ती टाचेच्या मागे असायची, आता टाचेच्या खाली आली. प्रत्येक पावलाला सगळं वजन तिच्यावर पडायचं. रोज चार-साडेचार हजार पावलं. कातडी आधी कडक झाली, मग तिला चीर गेली.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी मला माझ्या आत ओल जाणवली. घाम मला ओळखीचा होता, हा घाम नव्हता. ती ओल चिकट होती आणि कापडात मुरत होती. मी समजलो. आणि त्याच सकाळी कोपऱ्यावर हिराबाई दुर्गाबाईंना म्हणाल्या, ‘‘बघा, दोन महिने झाले. पायात काही आहे असं वाटतच नाही.’’

मी तेव्हा काय करू शकलो असतो, असा विचार मी पिशवीत बसून पुष्कळ केला आहे. बूट बोलत नाहीत, हे खरं. पण माझी शिवण सैल झाली होती, तळ एका बाजूने सुटायला लागला होता. मी त्या दिवशी उसवलो असतो, तर त्यांनी मला टाकून दिलं असतं. मी उसवलो नाही. मला टाकून दिलेलं नको होतं. चार वर्षं झाडाखाली उभ्या राहिलेल्या मुलीने मला निवडलं होतं आणि ती रोज माझं कौतुक करत होती. मी टाके घट्ट धरून ठेवले.

मला फक्त डाग पडू देणं शक्य होतं. तो मी पडू दिला. आतल्या तळावर, टाचेच्या जागी, आधी सुपारीएवढा आणि मग लिंबाएवढा, तपकिरी डाग.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. विहारातल्या बायकांनी ठरवलं होतं, सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसून वस्तीतून विहारापर्यंत चालत जायचं. हिराबाईंना पुढच्या ओळीत जागा मिळाली होती. आदल्या दिवशी निकिता म्हणाली, आजी, तुझे बूट मी पांढरे शुभ्र करून देते. तिने आम्हाला गॅलरीत घेतलं, लेस काढली, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवलं आणि ब्रश लावला. माझी दुमडलेली टाच तिने वर केली, तेव्हा तो डाग तिला दिसला.

ब्रश थांबला. मला वाटलं, आता झालं. आता ही उठेल आणि आत जाऊन आजीचं पाऊल बघेल.

‘‘आजी, ह्याच्यात काय सांडलंय गं?’’ तिने तिथूनच विचारलं.

आतून हिराबाई म्हणाल्या, ‘‘चिखल असेल.’’

मे महिन्यात विश्रांतवाडीत चिखल कुठून येणार? निकिताने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने दंतमंजनाची पेस्ट घेतली, ब्रशला लावली आणि तो डाग घासायला लागली. तिने फार मन लावून घासलं. मी जी एकच गोष्ट सांगू शकत होतो, ती पाण्यातून मोरीच्या जाळीत वाहून गेली. कापड पिवळं पडू नये म्हणून तिने आम्हाला पांढऱ्या कागदात गुंडाळून उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही इतके पांढरे दिसत होतो, की श्रद्धाने विचारलं, नवे आणले की काय.

त्या दिवशी हिराबाई वस्तीतून विहारापर्यंत चालल्या. त्यांची पावलं ओळीतल्या सगळ्यांच्या पावलांबरोबर पडत होती आणि शाळेतल्या कवायतीसारखं त्या मनातल्या मनात मोजत असाव्यात, कारण त्यांच्या पायांना एक ताल आला होता. मी तो ताल धरला होता आणि आतून भिजत होतो.

विहाराच्या पायरीशी त्यांनी आम्हाला काढलं. आत त्रिशरण, पंचशील सुरू झालं. वंदनेसाठी गुडघे टेकून सगळ्या खाली वाकल्या, तेव्हा प्रत्येकीचे तळवे मागच्या ओळीकडे झाले. हिराबाईंच्या मागे विहारातल्याच मुक्ताई बसल्या होत्या. त्यांनी पुढच्या पावलाकडे पाहिलं. वंदना संपेपर्यंत त्या थांबल्या. मग हिराबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘ताई, टाच बघू तुमची.’’

हिराबाई दोन बायकांच्या आधाराने बाहेर आल्या. टाचेला मुक्ताईंचा रुमाल होता. साडीच्या काठाला मागून लाल डाग पडला होता. ‘‘दुखत नाही हो,’’ असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या आणि त्यामुळेच सगळ्यांचे चेहरे उतरत होते. त्यांना रिक्षात बसवलं. आम्हाला मुक्ताईंनी एका पिशवीत टाकलं आणि बरोबर दिलं.

त्याच दुपारी आनंद आणि निकिता त्यांना पायांच्या डॉक्टरांकडे, कल्याणीताईंकडे, घेऊन गेले. त्यांनी हिराबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक, ताठ दोरा तळव्यावर जागोजागी टेकवत विचारलं, लागलं की सांगा. हिराबाई डोळे मिटून वाट पाहत राहिल्या. डॉक्टरांनी दहा जागी दोरा टेकवला. एकदाही हिराबाई काही बोलल्या नाहीत. आनंद आणि निकिता शेजारी उभे होते आणि दोरा टेकलेला दोघांनाही दिसत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, रोज काय घालता पायात? आनंदने पिशवी पुढे केली. त्यांनी मला बाहेर काढलं आणि माझ्या आत हात घातला. मित्रांनो, मी घडल्यापासून मला आतून बोटाने कोणी चाचपलं नव्हतं. त्यांचं बोट पुढून मागे आलं आणि दुमडलेल्या कडेवर, त्या गाठीपाशी थांबलं. एवढ्याशा वेळात त्यांना सगळं कळलं.

‘‘हे लागत नव्हतं तुम्हाला?’’

‘‘नाही. उलट फार आरामाचे होते. पायात बूट आहेत असं वाटायचंच नाही.’’

डॉक्टर म्हणाल्या, ‘‘आजी, ते बुटाचं कौतुक नव्हतं. तो पायाचा आजार होता.’’

मला दोन महिने जे कौतुक मिळालं होतं, ते सगळं त्या एका वाक्यात माझ्या हातून गेलं. आणि ते माझं कधीच नव्हतं, हेही कळलं.

साखरेच्या विकारात पायांची जाणीव हळूहळू जाते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जखम हाडाच्या जवळ गेली होती. औषधांनी आणि शस्त्रक्रियेने पाऊल वाचवायचा प्रयत्न करू, त्या म्हणाल्या, पण वाचेलच असं आज सांगत नाही.

तेव्हा निकिता बोलली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. ‘‘काल डाग मला दिसला होता. मी घासून काढला.’’ मग पुढे म्हणाली, ‘‘आणि बूट मला नुसते घट्ट नव्हते, आजी. मला लागत होते. म्हणून तुला दिले.’’

हिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर निकिताला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. त्या म्हणाल्या, ‘‘हिवाळ्यात शेकायच्या पिशवीने माझ्या पायाला फोड आला होता. तो मला दुसऱ्या दिवशी दिसला. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही मला एकटीला फिरायला जाऊ दिलं नसतंत.’’

म्हणजे त्या खोलीत तिघं अपराधी होते. दोघांनी बोलून टाकलं. तिसरा टेबलावर पडून होता.

पुढचे महिने मी पिशवीतून ऐकले. दोनदा शस्त्रक्रिया झाली. पहिल्यानंतर जखम भरली नाही आणि पाऊल घोट्यापासून काढावं लागेल, असं आनंदने फोनवर कोणाला तरी सांगितलं, ते गॅलरीत येऊन, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. गॅलरीत मी होतो. दुर्गाबाई रोज यायच्या. सपाट बूट आणि गादीचे बूट हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एकदाच जाताना दाराशी श्रद्धाला म्हणाल्या, ‘‘मी रोज त्यांना पापड म्हणत होते. पाय दाखवा म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?’’

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, दिवाळीच्या सुमारास जखम भरली. पाऊल वाचलं. टाचेचा एक भाग गेला. हिराबाईंच्या पावलांचा तो ताल गेला. आता त्या काठी घेऊन चालतात आणि विहारात खुर्चीवर बसतात. त्यांच्यासाठी खास माप घेऊन बूट करून घेतले आहेत. ते काळे, रुंद आणि मुळीच देखणे नाहीत. दुर्गाबाईंनी ते पाहून म्हटलं, ‘‘माझ्या जांभळ्यांपेक्षा बरे,’’ आणि हिराबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

रोज सकाळी निकिता जमिनीवर बसते. आजीचं पाऊल मांडीवर घेते आणि हातआरसा खाली धरून तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या बघते. मग त्या काळ्या बुटांत एकेक करून हात घालते, आतून सगळीकडे बोट फिरवते आणि मगच ते पुढे ठेवते. हिराबाई आता लेस बांधून घेतात. टाच मोडत नाहीत.

पुढचा उन्हाळाही संपला आणि गेल्या रविवारी श्रद्धाने गॅलरी आवरायला काढली. आमची पिशवी तिच्या हाती आली. अजून बरे दिसतात, कोणाला तरी देऊन टाकूया, ती म्हणाली. निकिताने पुढे होऊन पिशवी घेतली.

‘‘नको, मम्मी. कोणालाच नको.’’

तिने आम्हाला बाहेर काढलं. रोजच्या सवयीने तिने उजव्यात हात घातला, मग माझ्यात. मला कोणी घालणार नव्हतं, तरी तिचं बोट सावकाश मागे आलं आणि गाठीपाशी थांबलं. तिने ते पुन्हापुन्हा गाठीवरून फिरवलं.

आतून हिराबाईंनी विचारलं, ‘‘काय आहे गं?’’

‘‘गाठ आहे, आजी. ज्वारीएवढी. हाताला लगेच लागते.’’

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. कोणी म्हणतं मला टाकू नका, कोणी म्हणतं मला पुसून ठेवा. मला माझ्यासाठी काही मागायचा हक्क नाही. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस ‘मला काही लागत नाही’ असं म्हणत असेल, तर त्यावर खूश होऊ नका. खाली बसा आणि त्यांचं पाऊल मांडीवर घ्या. त्यांच्या बुटात आधी आपला हात घाला. माझ्यात घरच्या माणसाचा हात सव्वा वर्ष उशिरा आला.